पुढ्यात फुगा घेऊन बसलेला माणूस

१३ तारीख, रविवार

रक्तदाब वरचा एकशे अडतीस, खालचा चौऱ्याऐंशी.

डॉक्टरीणबाईंना रोज एवढंच हवंय. नातीने यंत्र पाठवलं, लेकाने दोनशे पानी वही आणली आणि पानाच्या डोक्यावर ही एक ओळ लिहून बाकीचं पान कोरं सोडायला लागला. मला अक्षर ओळखू येत नसलं तरी वाया चाललेला कागद बरोबर ओळखू येतो. म्हटलं, वरची ओळ डॉक्टरीणबाईंची, खालचं पान माझं. पस्तीस वर्षं कचेरीत साहेब सांगतील ते लिहीत आलास, आता निवृत्तीनंतर आई सांगेल ते लिही. मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही.

तर आजची हकिगत. सुनेने आज पहिल्यांदा घरची गाडी चालवली. चोपन्नाव्या वर्षी शिकली आहे. लायसन दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या खेपेला गाडी मागे घेताना खांब आडवा आला. चूक खांबाची होती असं तिचं म्हणणं, आणि मी तिच्या बाजूची आहे. हे सगळं नुसतं हौसेखातर नाही. नदीपलीकडच्या इस्पितळाने तिला शिवणाचं काम दिलंय. उसवलेल्या चादरी, आजाऱ्यांचे झगे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं दुरुस्त करून द्यायचं. येत्या पहिल्या तारखेपासून दर सोमवारी नि गुरुवारी सकाळी आठला जाऊन गाठोडी उचलायची. ती गाठोडी बसमध्ये कोण चढवू देणार? गाडीच हवी. पहिल्या दिवशी गेली नाही तर काम लॉन्ड्रीवाल्याकडे जाणार. जन्मभर शेजारणींच्या बाह्या सैल आणि घट्ट करत आलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी मोठं काम दिलंय. हिने त्या इस्पितळाचं पत्र मशीनच्या खणात ठेवलंय आणि सुई घ्यायच्या निमित्ताने दिवसातून चारदा खण उघडते.

सकाळी तिने गाडी आतून-बाहेरून धुतली. पंधरा वर्षांची गाडी, पण निघाली बघा नवरीसारखी. चाकामागे जी घड्याळं असतात ना, त्यांच्या काचेवर नखाएवढा काळा चौकोनी डाग होता, वर्षानुवर्षांचा. चिकट होता मेला. हिने नखाने खरवडून काढला.

लिही की. थांबलास का? पेन अडलं म्हणतो. कालच आणलंय पेन.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. ती चाकाशी, मी शेजारी, लेक मागे. माझी जागा पुढेच असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकाने माझी सीट स्वतःच्या हाताने सोडवून चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून दिली, म्हणजे मला वाकायला नको. तेव्हापासून सहा वर्षं मी सगळ्यांच्या वरून जग बघते. तर हिने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली आणि काचेत एक तांबडा दिवा लागला. लागला तो लागलाच. ही ओरडली, "अहो, हे काय लागलं?" लेक मागून पुढे झुकला. जुनी ओळख अवचित समोर यावी तसा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, "तू काहीतरी दाबलंस."

"मी काही नाही दाबलं!"

"मग आजच कसा लागला?"

कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. लेकाने किल्ली खिशात टाकली. हा दिवा विझल्याशिवाय तुझ्या हातात गाडी नाही, म्हणाला. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे.

१४ तारीख, सोमवार

रक्तदाब एकशे चाळीस, शहाऐंशी.

आज मी अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले आणि सुनेला नुसती किल्ली फिरवायला लावली. लेकाचा विरोध होता. म्हटलं, गाडी जागची हलणार नाही, तुझी सुरक्षा कुठे पळून जात नाही.

अख्ख्या जगात माझ्या लिपीत लिहिणारी ही गाडी एकटीच आहे. सगळं चित्रांत. किल्ली फिरवली की सगळी चित्रं एकदम लागतात, मग एकेक विझतात. दोन कान असलेला डबा. चोचीतून थेंब गळणारं भांडं. नळ लावलेली पेटी. गोलात उभी काठी आणि तिच्याखाली ठिपका. आडवा पट्टा घातलेला माणूस. ही पाच मी सहा वर्षं रोज वाचत आले आहे. आता हा सहावा: पुढ्यात भलामोठा फुगा घेऊन बसलेला माणूस. बाकीची पाच शहाण्यासारखी विझतात, हा बसून राहतो. मला तर तो पोटुशा बाईसारखा दिसतो. सून म्हणाली, "आई, तो अपघातात फुगणाऱ्या पिशवीचा दिवा आहे. गाडी आदळली की पिशवी फुगते आणि माणूस वाचतो."

मी म्हटलं, असेल. पण हा माणूस सहा वर्षांत एकदाही दिसला नव्हता, लागून विझतानासुद्धा नाही. मी वरून बघत असते, माझ्या नजरेतून सुटणार नाही. काल कुठून उगवला?

पेन पुन्हा अडलं. उद्या पेन्सिल आण बाबा.

१६ तारीख, बुधवार

रक्तदाब एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, तो पट्टा एकदा तुझ्याही दंडाला बांध, दोन दिवस चेहरा उतरलाय. त्याचा निघाला एकशे साठ. यंत्रात बिघाड असेल म्हणाला. माझ्या दंडाला लावलं की बरोबर, त्याच्या दंडाला लावलं की बिघाड.

लेक गॅरेजमध्ये विचारायला गेला आणि दहा मिनिटांत परत आला. गॅरेजवाला गावाला गेलाय म्हणाला. तेवढ्यात मला खिडकीतून तो गॅरेजवाला समोरच्या दुकानात पाव घेताना दिसला. म्हटलं, अरे, तो बघ आला गावाहून! लेक म्हणाला, उन्हात तुला नीट दिसलं नसेल. मोतीबिंदू काढून वर्ष झालंय माझं. पाव कापलेला होता की अख्खा, तेही सांगेन.

दुपारी लेक हत्यारांचा खण उपसत होता. काय शोधतोस विचारलं तर काही नाही म्हणाला. वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी होती त्याच्या हातात. इतक्या हळूच खिशात सरकवली की मीच ओशाळले.

सून दिवसभर शिवत होती, पण मशीन नेहमीसारखं पळत नव्हतं. थोडं चालतं, मग थांबतं. इतकी वर्षं ऐकतेय, मशीनच्या आवाजावरून मला बाईचं मन कळतं. ती जेवताना म्हणाली, "माझ्या हाताला यशच नाही. पंधरा वर्षं धड चाललेली गाडी मी बसले आणि बिघडली." लेकाने आमटीत मान घातली ती वर काढली नाही.

१८ तारीख, शुक्रवार

रक्तदाब एकशे बेचाळीस, नव्वद. का वाढला ते सांगते.

मला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं. लेकाने गाडी काढली. म्हटलं, हिला चालवायला बंदी आणि तुला मोकळीक? मला सवय आहे, म्हणाला. किल्ली फिरवली, आणि काय सांगू, फुगेवाला माणूस लागलाच नाही! सून दारातून धावत आली. "विझला? खरंच विझला?" लेक म्हणाला, "विझला वाटतं आपोआप. जुन्या गाड्यांचं असंच असतं. सोमवारपासून तू चालवायला हरकत नाही." आणि असा हसला की आठवडाभरात पहिल्यांदाच त्याचे दात दिसले. सुनेने तर गाडीच्या टपावरून हात फिरवला, जणू लेकराचा ताप उतरला.

मी आपली काचेकडे बघत होते. माणूस बसायचा तिथे तोच काळा चौकोनी डाग पुन्हा जमला होता. म्हटलं, एवढी गाडी धुतली आणि ही घाण परत आलीच का! हात लांब केला आणि नखाने दिला खरवडून.

"आई, हात नको लावू!" लेक असा ओरडला की रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

डाग माझ्या नखाला चिकटून आला आणि खाली फुगेवाला बसलेला. तांबडा लाल, जसा गेला होता तसा. सुनेला गाडीच्या खिडकीतून दिसला. तशीच घरात निघून गेली. लेकाने चाकावर डोकं टेकवलं. मी त्याला समजावलं, एवढं काय, घाणीमुळे झाकला गेला होता, मुळात विझलाच नव्हता, बरं झालं कळलं. तर तो म्हणतो, "हो आई. बरं झालं." आणि डोकं काही उचलेना.

नखाला चिकटलेला तो तुकडा मी खिडकीबाहेर टाकला. रबरासारखी असते ही घाण.

२१ तारीख, सोमवार

रक्तदाब एकशे चाळीस, शहाऐंशी.

लेक गॅरेजवाल्याला आणत नाही तर आपणच बोलवू. माझ्या फोनवर नातीने सगळ्यांच्या नावाऐवजी चित्रं लावून दिलीत. गॅरेजवाल्याचा पान्हा आहे. दाबला पान्हा. म्हटलं, बाबा रे, तू गावाला गेलायस असं ऐकलं. तो म्हणाला, "आजी, मी दोन वर्षांत गावाला गेलो नाही." म्हटलं, मग आमच्याकडे तरी ये.

आला. कमी बोलणारा माणूस आहे, सतत काहीतरी चघळत असतो. मी आधीच माझ्या सीटवर जाऊन बसले होते, म्हणजे काय करतो ते वरून दिसेल. त्याने चाकाखाली वायर खुपसली आणि हातातल्या छोट्या पाटीवर वाचत बसला. मग म्हणाला, "शेजारच्या सीटकडून तक्रार आहे."

"माझी काही तक्रार नाही," मी म्हटलं.

"तुमची नाही आजी. सीटखालच्या वायरीची." त्याने पाटीवर काहीतरी दाबलं. दिवा गेला. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. दिवा परत हजर. मग चघळणं थांबवून मला विचारलं, "आजी, तुम्ही रोज इथे बसता. हा आधी किल्ली फिरवल्यावर लागून विझायचा का?"

"छे रे. सहा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. आत्ता रविवारी हिने काचेवरची काळी घाण खरवडून काढली, तेव्हापासून आलाय."

"काळी घाण," तो म्हणाला.

"चौकोनी," मी म्हटलं. सगळं सांगितलेलं बरं असतं, नाहीतर निदान कसं होणार?

मग तो गुडघ्यावर बसला आणि बॅटरी लावून माझ्या सीटखाली बराच वेळ बघत राहिला. उठला तो सरळ माझ्या डोक्यावरून मागे बघायला लागला. मागे लेक उभा होता. बाजूच्या आरशात मला दिसलं, लेकाने दोन्ही हात जोडले होते. बिचारा, गाडी बरी व्हावी म्हणून मनापासून हात जोडतो. लहानपणी परीक्षेच्या आधी असेच जोडायचा.

गॅरेजवाल्याने मान हलवली. "उद्या-परवा गॅरेजला आणा. सीट उतरवावी लागेल," म्हणाला. मग लेकाकडे बघून हळूच, पण मला ऐकू गेलं, "हा दिवा पेटता असला की एकही पिशवी उघडत नाही, साहेब. चालवणाऱ्याचीही नाही आणि शेजारच्याचीही नाही. एवढं लक्षात असू द्या."

लेक तिथेच पायरीवर बसला. मी म्हटलं, यंत्र आणा, याचा रक्तदाब मोजा. कुणी मोजला नाही.

२४ तारीख, गुरुवार

रक्तदाब एकशे चव्वेचाळीस, नव्वद.

तीन दिवस झाले, गाडी अजून अंगणातच. आज नेतो, उद्या नेतो. आणि आज सकाळपासून मशीनचा आवाज बंद. घराला दडे बसल्यासारखं झालंय. आत गेले तर सून मशीनवर कापडी खोळ घालत होती. हातात इस्पितळाचं ते पत्र.

"सोमवारी फोन करून सांगणार आहे, आई. लॉन्ड्रीवाल्याला द्या म्हणून. पहिल्या तारखेला पोचले नाही तर नाचक्की, त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

"दिवा होईल की दुरुस्त."

"दिव्याचं नाही हो. मला आता चाकामागे बसायचीच भीती वाटते. काय दाबलं मी, ते अजून आठवत नाही. रोज डोळे मिटून आठवते. किल्ली, पाय, आरसा, पट्टा. चुकलं कुठे तेच कळत नाही. ज्याची चूक कळत नाही ते पुन्हा होणारच ना?"

रडली नाही. रडली असती तर मी दोन शब्द बोलले असते. तिने खोळीची नाडी बांधली आणि भांडी घासायला गेली. दहा दिवसांत बाई पाच वर्षांनी मोठी झाली, आणि ते असल्या फुटकळ दिव्यापायी.

हे सगळं तिने म्हटलं तसंच लिही. 'डोळे मिटून आठवते' लिहिलंस? वाचून दाखव.

वाचता येईना त्याला. घसा बसलाय म्हणतो. आजपुरतं इतकंच.

२५ तारीख, शुक्रवार

रक्तदाब एकशे अडतीस, पंच्याऐंशी.

खालील मजकूर आईने सांगितलेला नाही. ती दुपारची झोपली आहे. हा मजकूर माझा आहे.

सदर दिवा मागील सहा वर्षांपासून चालू आहे. आईच्या ऑपरेशननंतर मी तिची सीट काढून ठोकळ्यांवर बसवली, त्याच दिवशी तो लागला. सीटखाली एक पिवळी जोडणी असते, ती उंचीमुळे ताणली गेली असावी. मी पुष्कळ प्रयत्न केला, दिवा गेला नाही. गाडी गॅरेजमध्ये नेली असती तर ठोकळे काढायला सांगितले असते आणि आई त्या सीटवर इतकी खूश होती. म्हणून काचेवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. आठ दिवसांत विसरून गेलो.

दिनांक तेराला दिवा दिसला तेव्हा मला तत्क्षणी सगळं आठवलं. तोंडातून निघालं, 'तू काहीतरी दाबलंस.' का निघालं, हे मला सांगता येत नाही. एकदा निघाल्यावर ते मागे घेणं रोज आदल्या दिवसापेक्षा कठीण झालं. दिनांक अठराला पुन्हा पट्टी लावली, हेही नमूद करतो.

तू काही दाबलं नाहीस. किल्ली, पाय, आरसा, पट्टा, सगळं बरोबर केलंस.

सुरक्षेचं नाव घेऊन तुझी किल्ली काढून घेतली आणि सहा वर्षं आईला मात्र त्या सीटवर बसवून गावभर हिंडलो. गॅरेजवाला बोलला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

तोंडाने सांगायला तीनदा सुरुवात केली. होत नाही. लिहायची सवय आहे, म्हणून लिहितो. उद्या सकाळी गाडी गॅरेजला नेतो आहे. उद्याची वही तुझ्याकडून लिहून घे, असं आईला सांगून जाईन.

२६ तारीख, शनिवार

रक्तदाब एकशे चाळीस, अठ्ठ्याऐंशी.

आज लेखनिक बदलला. लेक भल्या सकाळी गाडी घेऊन गेला, जाताना म्हणाला, आज वही हिच्याकडून लिहून घे. सुनेचं अक्षर कसं आहे देव जाणे, पण पेन अडत नाही एवढं खरं.

मी तिला आधी मागची पानं वाचून दाखवायला लावली. लेकाने काही गाळलंय का ते बघायचं होतं. एक शब्द गाळलेला नाही, शाबास. रबरासारख्या घाणीपाशी ती वाचताना थांबली. मग पुन्हा वाचायला लागली, आवाज जरा बदललेला. आरशात हात जोडले तिथे परत थांबली. मग कालचं पान आलं. एवढीशी ओळ वाचली आणि गप्प.

"पुढे?"

"रक्तदाब लिहिलाय."

"पानभर रक्तदाब?"

"मोठा आहे," ती म्हणाली. डोळे पानावरून हलेनात. एकदा वाचलं, मग पान वर सरकवून पुन्हा वाचलं. तिच्या तोंडाकडे बघून मला काही केल्या कळेना की ही आता हसणार की वही फेकणार. वही मिटली, घरातल्या चपला तशाच पायात, डोक्यावर विस्कटलेली वेणी, आणि निघाली.

"कुठे?"

"गॅरेजला."

"अगं, माझं सांगून व्हायचंय!"

दुपारी परत आली, एवढं सगळं आत्ता रात्री लिहून घेतेय. तिकडे काय झालं ते सांगायला तयार नाही. म्हणते, "त्यांनाच सांगू दे. मोठ्याने. तुमच्यासमोर." मी म्हटलं, कालच्या पानावर काय आहे? म्हणते, "तेच."

मशीनवरची खोळ मात्र काढली. आणि संध्याकाळी मशीन असं चाललं, असं चाललं, की भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. राग असला तरी चालेल, पण आवाज येऊ दे.

२८ तारीख, सोमवार

रक्तदाब एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी. लेकाचा एकशे तीस. यंत्र दुरुस्त झालं वाटतं.

लेखनिक पुन्हा लेकच. आज त्याने चहाच्या वेळेला आम्हा दोघींसमोर उभं राहून सगळं सांगितलं. लहानपणी कविता म्हणायचा तसा, हात मागे बांधून. सांगायचं ते सांगून झाल्यावर मी विचारलं, "म्हणजे ती घाण नव्हती?"

"नाही आई. चिकटपट्टी होती."

"आणि मी तुझ्यासमोर ती खरवडली?"

"हो."

सुनेला हसू फुटलं. दोन दिवस दाबून ठेवलेलं, एकदम. पदराने तोंड झाकून हसत होती, आणि मग तशीच हसता हसता म्हणाली, "बारा दिवस, अहो. बारा दिवस मी डोळे मिटून पाय मोजत होते." आणि हसू थांबलं. तो हिशेब त्या दोघांचा आहे, मी त्यात बोट घालणार नाही. तिने त्याला चहा दिला, पण साखर घातली नाही. त्याने तक्रार न करता प्यायला.

माझा भाग मात्र मी घेतला. म्हटलं, लबाडा, माझ्यासाठी ठोकळे लावलेस, ते लावलेस. पण सहा वर्षांत मला एकदा सांगितलं असतंस, तर मी खाली बसले नसते का? उंच सीटचा मोह मला आहेच, पण जिवापेक्षा नाही. तो म्हणाला, "तू किती मिरवायचीस गं त्या सीटवरून." मिरवायचे खरी.

गॅरेजमधलं सुनेने सांगितलं. पिशवीच्या वायरीला हात लावण्याआधी गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढली आणि स्टुलावर बसून राहिला. ही म्हणाली, करा ना सुरू. तर तो, "थांबायचं असतं ताई. वायर काढली तरी पिशवी थोडा वेळ जागी असते." मग सीट उतरवली, ठोकळे काढले. पिवळ्या जोडणीतले दोन दात ताणून वाकडे झाले होते. जोडणी नवी घातली, सीट मूळ जागी बसवली, पाटीवरून तक्रार पुसली. किल्ली फिरवली तर सहाही चित्रं लागली आणि सहाही विझली. गॅरेजवाल्याने हिला तीनदा किल्ली फिरवायला लावली, स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणाला. चौथ्यांदा हिने आपणहून फिरवून बघितली. आणि गाडी चालवत घरी तीच आली. लेक चालत आला.

मी जाऊन बसून पाहिलं. खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं. आधी पाठ टेकायची, मग पाय एकेक आत घ्यायचे, असं सुनेने शिकवलं. पहिल्या खेपेला माझा एक पाय बाहेरच राहिला. मी म्हटलं, चूक दाराची आहे. ती म्हणाली, मी तुमच्या बाजूची आहे.

खालून रस्ता फारसा दिसत नाही. पण फुगेवाला दिसतो. लागतो, माझ्याकडे बघतो आणि विझतो.

१ तारीख, गुरुवार

रक्तदाब घ्यायला वेळ नाही, नंतर बघू.

साडेसातला गेली. एकटी. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाली. येताना गाठोडी कुठे ठेवू, म्हणे. लेकाने येऊ का असं विचारलं नाही. फाटक उघडून धरलं तेवढं. तिने आरसा नीट केला, पट्टा बांधला, किल्ली फिरवून सगळी चित्रं विझेपर्यंत थांबली, आणि निघाली. वळणावर दिवा दाखवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तरी दाखवला.

आत्ता साडेआठ झाले. मुद्दाम वही घेऊन बसलोय, म्हणजे वेळ जाईल. लेकाचं अक्षर आज तिरपं जातंय, असं मला बघूनसुद्धा कळतंय. रेघा वर चढल्यात.

पावणेनऊ. पुलावर गर्दी असेल, लेक म्हणतो. मी काही विचारलं नव्हतं.

नऊ. तो म्हणतो, फोन करू? म्हटलं, चालवताना फोन घ्यायला लावतोस तिला? बस गुपचूप. बसला. परत उठला. खिडकीशी उभं राहून लिहितोय, वही भिंतीला टेकवून. काय लिहितोस, मी तर काही बोलले नाही? म्हणतो, 'नऊ वाजून पाच मिनिटं' एवढंच लिहिलं.

आली. आली, अरे पेन

पुढचं दुपारी.

लेखनिक पेन टाकून अनवाणी पळाला. मी आपली भिंतीला धरत गेले. गाडी फाटकातून आत येऊन अशी उभी होती, कुंपणाला धरून सरळ रेघेत. उशीर का, तर इस्पितळाच्या मागच्या गल्लीत पुढे सामानाची गाडी आडवी होती, म्हणून अख्खी गल्ली उलटी मागे घेत बाहेर यावं लागलं. तिथे दोन्ही बाजूंना खांब आहेत. "एकालाही लागलं नाही," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

मागच्या सीटवर तीन गाठोडी आणि पुढे माझ्या जागेवर सगळ्यात मोठं गाठोडं, ऐटीत, वर पट्टा बांधलेलं. पट्टा नाही बांधला तर गाडी सारखी टिणटिण करते म्हणे, तिला गाठोडंही माणूसच वाटतं. मी म्हटलं, बघा, माझ्या जागेवर माझ्याहून सुबक बाई बसवली.

लेकाने चारही गाठोडी आत नेली. शेवटचं नेताना दारात थांबला.

"सोमवारी मी येऊ? उचलायला," म्हणाला.

तिने आधी गाडीचं दार लावलं, हात पुसले.

"यायचं तर मागे बसा. पुढची जागा गाठोड्याची."

"बसतो मागे," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि परत वळला. "मागच्या पट्ट्याचं बक्कल जरा सैल वाटतं पण. एकदा बघायला हवं."

"बघा की," ती म्हणाली. "आणि जे दिसेल ते सांगा."